जड ते मागे राहतं

ज्या घरात अजून सुटे तांदूळ येतात, तिथे रोळणं ठाऊक आहे. परातीत तांदूळ घ्यायचे, वर पाणी ओतायचं आणि परात किंचित कलती धरून गोल गोल हलवत राहायचं. पाण्याला फेर मिळाला की तांदूळ उचलले जातात आणि पाण्याबरोबर दुसऱ्या पातेल्यात उतरतात. परातीच्या बुडाशी शेवटी मूठभर तांदूळ आणि चार-पाच खडे उरतात. हे खडे कुणी शोधून काढलेले नसतात. त्यांच्यावरचं हलकं तेवढं पाण्यानं नेलेलं असतं. वादळानंतर समुद्रकिनाऱ्यावर सापडणारी नाणी आणि पूर ओसरल्यावर कृष्णेच्या पात्रात दिसणारे पैसे यांचा खुलासा या परातीत आहे. पूर धन वाहून आणतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. खरं तर पूर धनावरचं पांघरूण ओढून नेतो. हा फरक ज्याला कळला, त्याला कुठे पाहायचं ते कळतं, आणि कुठे हात लावू नये हेही कळतं.

आधी समुद्राचं पाहू, कारण हा शोध जगभर तिथेच जास्त चालतो. 1715 च्या जुलैअखेरीस अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्याजवळ सोन्या-चांदीनं भरलेला स्पॅनिश जहाजांचा ताफा चक्रीवादळात बुडाला. तीनशे वर्षं उलटली, तरी मोठ्या वादळानंतर त्या किनाऱ्यावर अजून नाणी सापडतात. तिथले जाणकार वादळ चालू असताना वाट पाहतात आणि ओहोटीला, लाटांनी वाळू कापून जिथे उभी दरड केली असेल तिथे, धातुशोधक यंत्र घेऊन जातात. लाटांनी वरची फूट-दोन फूट वाळू आत समुद्रात ओढून नेलेली असते आणि एरवी यंत्राच्या आवाक्याबाहेर असलेला थर वर आलेला असतो. आपल्या कोकणातही पावसाळ्यात असंच घडतं. जून ते ऑगस्टच्या लाटा पुळण खरवडून नेतात आणि पाऊस सरल्यावर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या जड खनिजाच्या काळ्या वाळूचे पट्टे दिसतात, तेही याच निवडीतून तयार झालेले. पांढरी वाळू गेली, काळी मागे राहिली. इल्मेनाइट साध्या वाळूच्या पावणेदोन पट जड असतं. एवढ्याशा फरकानं मैलभर लांबीचा पट्टा वेगळा निघत असेल, तर सोन्या-चांदीचं काय होत असेल?

हिशोब सोपा आहे. एक घनसेंटिमीटर काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, साधारण 2.9 ग्रॅम भरतो. तेवढंच तांबं जवळपास 9 ग्रॅम, चांदी 10.5 आणि सोनं 19.3 ग्रॅम. म्हणजे सोनं खड्याच्या साडेसहा पट जड. पण पाण्यात बुडालं की प्रत्येकाच्या वजनातून एक ग्रॅम वजा होतो, कारण तेवढा भार पाणी उचलून धरतं. खडा उरतो 1.9 आणि सोनं 18.3. आता फरक साडेनऊ पटींच्याही पुढे गेला. कोरड्या जमिनीवर सुपानं पाखडून जे जमत नाही, ते पाण्यात जमतं ते यामुळे. पाणी सगळ्यांनाच हलकं करतं, पण हलक्याला जास्त हलकं करतं.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे समुद्राचे नाहीत, कृष्णेचे आहेत. महाबळेश्वरला उगम पावणारी ही नदी अरबी समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर जन्मते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून तब्बल चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. तिचं इथलं खोरं सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेलं आहे आणि या खडकात सोन्याच्या शिरा नाहीत. सोनं देणारे खडक वेगळे, कर्नाटकात हट्टीच्या खाणीत आहेत तसे. याचा अर्थ असा, की वाई, माहुली, कऱ्हाड, हरिपूर या टापूत नदीच्या पात्रात सोन्याचा कण मिळाला, तर तो डोंगरानं दिलेला नाही, माणसानं दिलेला आहे. आणि माणसानं तो भरपूर दिला आहे. पुलावरून जाताना नदीत पैसा टाकायचा, ओटी भरायची, घरातले झिजलेले देवांचे टाक विसर्जित करायचे, मृताच्या तोंडात सोन्याचा कण ठेवायचा आणि अस्थी संगमावर सोडायच्या, हे सगळं शतकानुशतकं ठरावीक जागी होत आलं आहे. वाईचे घाट, कृष्णा-वेण्णेचा माहुलीचा संगम, कृष्णा-कोयनेचा कऱ्हाडचा प्रीतिसंगम, कृष्णा-वारणेचा हरिपूरचा संगम. माहुलीला तर साताऱ्याच्या राजघराण्यातले अंत्यविधी होत. नदीच्या तळाशी जे आहे, ते या श्रद्धेचा साठा आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पुराचं पाणी पोत्याएवढे धोंडे लोटत नेतं, मग चिमूटभर वजनाचं नाणं जागेवर कसं राहील? पाण्याचा वेग दुप्पट झाला, की ते जास्तीत जास्त चौसष्ट पट वजनाचा दगड हलवू शकतं, हा भूगोलाच्या पुस्तकातला जुना नियम आहे. त्या मानानं नाणं कुठल्या कुठे जायला हवं. पण दगडाला पाणी समोरून ढकलतं, कारण तो पाण्यात डोकं वर काढून उभा असतो. नाणं चपटं, ते तळाला पडून असतं आणि धोंड्यांच्या फटीत शिरलेलं असतं. पुराच्या ऐन भरात तळाची सगळी वाळू-खडी खवळून हलते, तेव्हा दर हिसक्याला जड कण एकेक घर खाली सरकतो, परातीतल्या खड्यासारखा, आणि शेवटी कातळावर किंवा चिकण मातीवर टेकतो. म्हणून पात्रातल्या आडव्या कातळाच्या भेगा, रांजणखळग्यांचे तळ, पुलाच्या खांबामागची शांत जागा आणि वळणाची आतली बाजू इथेच जड वस्तू थांबतात. सोन्याचा पातळ वर्ख किंवा अगदी बारीक कीस मात्र खरोखर दूर जातो. आकार फार लहान झाला, की वजनाचा फायदा उरत नाही.

आणखी एक गोष्ट इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहे, पण तिचा या विषयाशी संबंध जोडला जात नाही. पूर सगळीकडे सारखा वागत नाही. साताऱ्याच्या वरच्या भागात नदीला उतार आहे, तिथे पूर खरवडतो. सांगलीला येईपर्यंत उतार मंदावतो, पाणी पसरतं आणि साचून राहतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका मानतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं आणि कित्येक दिवस शहरात बसून राहिलं. असं थांबलेलं पाणी काही उघडं करत नाही, उलट घरादारावर आणि मळीच्या शेतांवर बोटभर-वीतभर गाळ चढवून जातं. तेव्हा सांगलीच्या सखल भागात पुरानंतर धन वर येतं ही कल्पनाच उलटी आहे, तिथे ते आणखी खाली जातं. अपवाद एकच, वळणाचा बाहेरचा काठ. तिथे वेगाचं पाणी दरड कापतं. वर धरणं झाल्यापासून हे कापणं वाढायला आणखी एक कारण मिळालं आहे. धरणाच्या जलाशयात वाळू अडते, खाली येणारं पाणी रिकाम्या हातानं येतं आणि ते आपला भार काठातूनच भरून घेतं. त्यात पात्रातली वाळू आपण बेसुमार उपसली. हा कापला जाणारा काठ पुढच्या विचाराचा गाभा आहे, त्याकडे परत येऊ.

त्याआधी या दोन जिल्ह्यांचा एक मोठा अधिकार सांगायला हवा. सोनं मातीतून वेगळं कसं करायचं, हे देशाला शिकवणारी माणसं याच टापूतली आहेत. विटे-खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातले खटाव-माण, या अवर्षणी तालुक्यांतून गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, धंदा करणारी कुटुंबं भारतभर पसरली. काश्मीरपासून केरळपर्यंत सराफकट्ट्याजवळच्या बोळात मराठी बोलणारी भट्टी सापडते, ती बहुधा यांची. त्यांच्याही आधी आपल्याकडे झारेकरी होते, सोनाराच्या दुकानातला केर आणि राख विकत घेऊन धुणारे. कामाची रीत बघण्यासारखी आहे. कानशीचा उडालेला कीस, पटावर आणि फरशीवर साठलेली धूळ, हात पुसलेलं फडकं, हे सगळं जाळून राख करायची. राख कुटून घमेल्यात घ्यायची आणि पाण्यात हलवत राहायची. करडं पाणी ओतत जायचं, पुन्हा नवं घ्यायचं. शेवटी बुडाशी काळसर रेघ उरते. तीत सोनं असतं, चांदी, तांबं, लोखंडही असतं. लोखंड चुंबकानं काढतात. उरलेलं आटवतात, सोनं साधारण चौथा हिस्सा राहील अशी चांदी त्यात मिसळतात आणि तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये, सोडतात. तपकिरी वाफा निघतात, चांदी-तांबं विरघळून द्रावात जातं आणि तळाशी विटकरी-तपकिरी भुकटी बसते. तिच्यात चमक अजिबात नसते, अनोळखी माणूस ती गंज म्हणून फेकून देईल. मग ती भुकटी मुशीत टाकणखारासह तापवली, की अचानक पिवळा थेंब गोळा होतो. राखेतून लगडीपर्यंतच्या या प्रवासात पहिली आणि सर्वांत मोठी पायरी पाण्याचीच आहे. पुरानं नदीभर जे केलं, ते गलाईवाला घमेल्यात करतो. त्याच्या धंद्यात नशिबाला जागा नाही, टंच किती निघेल याचा अंदाज त्याला केराच्या पोत्यावरून असतो. धन सापडणं हे ज्ञानाचं काम आहे, याचा याहून चांगला पुरावा कुठे शोधायचा?

तरी आपल्याकडे गुप्तधन म्हटलं, की पायाळू माणूस, डोळ्यातलं अंजन, मांडूळ आणि अमावास्येची रात्र हेच आठवतं. या समजुतींपायी माणसं लुबाडली गेली आणि जीवही गेले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोण्याविरुद्धच्या ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, तो त्यांच्या 20 ऑगस्ट 2013 च्या खुनानंतर काही दिवसांतच वटहुकूम म्हणून निघाला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळानं मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू आणि धनाच्या शोधाच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्यं स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवली आहेत. जमिनीखालचं धन नाकारण्याची या कायद्याला गरज पडली नाही. धन असतं. ते कुणाच्या जन्माच्या पद्धतीवरून दिसत नाही, एवढंच.

मग धातुशोधक यंत्र आलं, आता अंजनाची जागा विज्ञानानं घेतली, असं कुणी म्हणेल. यंत्राचं तत्त्व खरंच सुंदर आहे. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वीज खेळवली, की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला, तर त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह उठतात आणि ते स्वतःचं क्षीण क्षेत्र परत पाठवतात. दुसरं वेटोळं ते ऐकतं. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं 1881 मध्ये गोळी लागलेल्या अमेरिकी अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला असंच उपकरण वापरून पाहिलं होतं, तिथे त्याला यश आलं नाही. पण नाण्याएवढी वस्तू हातभर मातीखाली असली, की साधं यंत्र मुकं होतं. त्यात दख्खनचा खडक त्याचा वैरी. बेसाल्टमध्ये चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण असतात, काळ्या मातीतही ते उतरतात, आणि यंत्र दगडालाच धातू समजून ओरडतं. पुलाखाली दोरीला चुंबक बांधून पैसे काढणारी पोरं जास्त यशस्वी होतात, कारण आजची स्टेनलेस स्टीलची बरीच नाणी चुंबकाला चिकटतात. शिवराई, ढबू पैसा किंवा चांदीचा रुपया मात्र चुंबकाला कधीच लागत नाही. यंत्राचा खरा दोष याहून खोल आहे. ते ‘इथे धातू आहे’ एवढंच सांगतं. भोवतीची माती, राख, खापर, हाड, कोळसा त्याला ऐकू येत नाही. आणि शोध घेणारा ओरड झाली तेवढीच जागा उकरतो.

आता त्या कापलेल्या काठाकडे येऊ. नदीकाठच्या जुन्या गावठाणाखाली जी राखी-पांढरट माती असते, तिला आपण पांढर म्हणतो. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, पडक्या भिंती, शेण आणि केर यांतून ती साठते. पूर वळणाच्या बाहेरच्या काठाला पांढर कापतो, तेव्हा दरडीत भाकरीच्या चवडीसारखे थर दिसतात. एक राखेचा, एक भाजलेल्या तांबूस मातीचा, मध्येच खापरांची ओळ, एखादं अर्धं बाहेर आलेलं मडकं. दरडीतलं नाणं आणि दरडीखाली पाण्यात पडलेलं नाणं दिसायला एकच, पण पहिल्यापाशी त्याचा थर आहे, शेजार आहे. दुसऱ्याजवळ फक्त वजन आहे. पाण्यानं निवड केली ती वजनावरून केली, काळावरून नाही. म्हणून पात्रातल्या एकाच भेगेत सातवाहनांचं नाणं, शिवराई आणि कालचा रुपया शेजारी शेजारी बसतात, आणि त्यांच्या शेजारातून कसलाही निष्कर्ष निघत नाही.

शेजाराची किंमत किती, ते नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीनं दाखवलं. दारणा-गोदावरीच्या संगमाजवळच्या या गावी 1906 मध्ये क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा उठवलेला होता. एकेक नाणं वेगळं मिळालं असतं, तर कुतूहलापलीकडे काय हाती लागलं असतं? सगळी एकत्र मिळाली, म्हणून नहपानाचा पराभव झाला, त्याची नाणी गोळा करून जेत्यानं आपल्या नावे चालवली आणि ठसे उठवण्याचं काम अर्धवट असतानाच हा साठा जमिनीत गेला, इतकं सांगता आलं. हाच साठा नदीनं आधी गिळला असता, तर एवढीच चांदी आणि एवढेच ठसे खाली कुठल्याशा खडीत विखरून राहिले असते. आणि आपल्या जवळचंच उदाहरण, कोल्हापुरात पंचगंगेकाठचं ब्रह्मपुरीचं टेकाड. 1940 च्या दशकात तिथे रोमन घडणीची ब्रॉंझची भांडी आणि पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती मिळाली. 1945-46 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी त्याच टेकाडावर रीतसर उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातल्या विटांच्या घरांची वस्ती उघडी झाली. घाटावरच्या गावात समुद्रदेव कसा आला, याचं उत्तर मूर्तीत नाही, त्या वस्तीत आहे. हीच मूर्ती पंचगंगेच्या वाळूत मिळाली असती, तर कुणा प्रवाशाच्या सामानातून पडली असेल, असं म्हणून विषय संपला असता.

यावर म्हणतात, की काठ तर कोसळतोच आहे, पुढच्या श्रावणात ते मडकं नदी नेणारच, मग आज काढून घेतलं तर बिघडलं कुठे? या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते उडवून लावणाऱ्यांनी कोसळणारी दरड पाहिलेली नसते. पण वाचवायचं असेल, तर जागेसकट वाचवायला हवं. दरडीचं छायाचित्र, त्यात मापासाठी एखादी पट्टी किंवा विळा, वरून किती हात खाली ते मोजमाप, जवळचं झाड किंवा विहीर, एवढं आज कुठल्याही शेतकऱ्याच्या खिशातला फोन करू शकतो. मग तहसीलदार आणि पुरातत्त्व विभागाला कळवायचं. आधी मडकं काढून नंतर जागा सांगायची, यात दोन पावसाळ्यांचं अंतर पडलं की जागाच उरत नाही. आणखी एक दावा असा, की पुरात मूर्ती वाहून येतात, मग सगळंच दुरून आलेलं नाही का? दगडी मूर्ती फार लांब जात नाही. आपल्याकडे भग्न मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, जवळच्या डोहात सोडतात. पुरानंतर ती दिसली, तर बहुधा तिचं देऊळ हाकेच्या अंतरावर होतं किंवा आहे.

सर्वांत जोराचा आक्षेप कायद्याबद्दलचा आहे. आपल्याकडे अजून 1878 चा भारतीय निखात निधी कायदा चालतो. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, न कळवल्यास हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. कुणी मालक पुढे आला नाही आणि काही करार नसेल, तर तीनचतुर्थांश सापडणाऱ्याचं, एकचतुर्थांश जमीनमालकाचं. ऐकायला हे उदार आहे. पण सरकारनं वस्तू स्वतःकडे घ्यायची ठरवली, तर देणं ठरतं ते धातूच्या किमतीवर, अधिक तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे दोन हजार वर्षांच्या नाण्याचं मोल तेवढ्याच चांदीच्या वेढण्यापेक्षा जरासं जास्त. अशा बोलीवर लोक दडवणार आणि माल सरळ मुशीत जाणार, हे उघड आहे. इंग्लंडनं 1996 मध्ये नवा कायदा करून बाजारभावाच्या मोबदल्याला कायद्याचा आधार दिला आणि पाठोपाठ साध्या, कायद्यात न बसणाऱ्या वस्तूंचीही जागेसह नोंद करणारी योजना आणली. तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या, बहुतेक यंत्र घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांनी आणलेल्या. तिथेही चोरटे आहेत, आणि आपल्याकडे यंत्रं मोकळी सोडावीत असं मी म्हणणार नाही, कारण आपल्या पांढरी जितक्या आहेत तितकी नोंदणी करणारी माणसं नाहीत. पण मोबदल्याची दुरुस्ती आपण करू शकतो आणि करायलाच हवी.

बाकी जुन्या कायद्यात एक गोष्ट शाबूत आहे. ज्याला वस्तू सापडली त्यानं कळवायच्या लेखी माहितीत कायद्यानं तीन बाबी मागितल्या आहेत: काय आणि किती, कुठे, कधी. गणपती उठले, पाणी उतरलं आणि रब्बीच्या नांगरटीला अजून वेळ आहे, अशा दिवसांत वाईपासून हरिपूरपर्यंत कितीतरी दरडी ताज्या कापलेल्या असतात. त्या अर्जातली मधली ओळ तेव्हा भरता येते, ज्येष्ठात नाही.